घर जड वाटतंय? फेंगशुईच्या वस्तू आणण्याआधी या क्रमाने तपासा

मी सुतारकाम करतो. बेळगाव आणि आसपासच्या गावांत मला बोलावणं येतं ते बहुतेक वेळा असं: कुणीतरी फेंगशुईचा सल्ला दिलेला असतो, त्याप्रमाणे पलंग फिरवायचा असतो, कपाट हलवायचं असतं, आरसा काढायचा असतो. घर शहापूरच्या गल्लीतलं असो, टिळकवाडीतला फ्लॅट असो की उचगावकडचं कौलारू, घरातली माणसं सांगतात ते एकच, "आत पाऊल टाकलं की जड वाटतंय ओ, मन लागंना झालंय." सांगितलेलं काम मी करून देतो. खरा बिघाड मात्र पलंगाच्या दिशेत क्वचितच सापडतो. तो असतो आसपास कुठेतरी, आणि तिथे हात न लावल्यामुळे पुढच्या पावसाळ्यात तेच घर, तेच बोलावणं.

आधी लक्षणं. यातली तीन-चार जुळत असतील तर पुढचं वाचा.

- बाहेरून आल्यावर सुरुवातीला कुबट वास येतो, थोड्या वेळाने जाणवेनासा होतो.
- भर दुपारी ट्यूब लावावी लागते.
- एखाद्या खोलीत कुणी बसत नाही, तिथे फक्त सामान जातं.
- पाहुणे दाराशीच टेकतात, आत येऊन बसत नाहीत.
- झोप मधेच मोडते, सकाळी अंग आंबलेलं असतं.
- स्वयंपाकघराच्या तोंडाशी येता-जाता धक्के लागतात आणि त्यावरून कुरबुर होते.
- हे सगळं मृगानंतर वाढतं आणि शिमग्यापर्यंत आपोआप कमी होतं.

शेवटचं लक्षण मी मुद्दाम विचारतो. ग्रह किंवा नजर पाऊस बघून येत नाही, ओल येते.

एक लक्षण मात्र या यादीत बसत नाही. घरात असताना डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, बाहेर पडलं की बरं वाटतं, एकाच वेळी दोघा-तिघांना असं होतं, आणि घरात बंद न्हाणीत गॅस गीझर किंवा बंद खोलीत शेगडी चालते. असं असेल तर पुढची एकही तपासणी करत बसू नका. हा कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस झोपेतच जातो. सगळ्यांना बाहेर काढा, डॉक्टरकडे जा, गीझर तज्ज्ञाकडून तपासून हवेची वाट केल्याशिवाय पुन्हा पेटवू नका.

तपासणीआधी थोडं फेंगशुईबद्दल. त्यातली 'ची' ही ऊर्जा कुठल्या यंत्रावर मोजता येत नाही. मानायची की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. पण ही विद्या मुळात डोंगर, वारा, पाणी आणि ऊन बघून जागा निवडायची होती. जुन्या चिनी ठोकताळ्यात घराच्या पाठीशी उत्तरेला डोंगर हवा आणि पुढे दक्षिणेला मोकळी जागा, पाणी हवं, कारण तिथे हिवाळ्यातला बोचरा वारा उत्तरेकडून येतो आणि ऊन दक्षिणेकडून मिळतं. आपला त्रास वेगळा. सह्याद्री आपल्या पश्चिमेला. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूने पाऊस येतो तो पश्चिम-नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर बसून, आणि महिनोन्‌महिने घराची तीच भिंत भिजत राहते. म्हणून चिनी नियमाचं कारण उचला, दिशा इथल्या पावसाला विचारून ठरवा. मी सगळीकडे याच हिशेबाने चालतो.

फुकटातलं: नाक आणि उदबत्ती

सकाळी बाहेर जाऊन परत आलात की उंबऱ्यात थांबून एक मोठा श्वास घ्या. राहणाऱ्याच्या नाकाला स्वतःच्या घराचा वास लवकर कळेनासा होतो, म्हणून हे आल्याबरोबरच करायचं. वास ओल्या कपड्यांचा, गटाराचा की मातकट बुरशीचा, एवढं ओळखलं तरी पुढचे बरेच फेरे वाचतात.

मग पंखे बंद करून उदबत्ती हातात घ्या आणि घरभर फिरा. धूर कुठे वळतो, कुठे पळतो, कुठे नुसता तरंगत राहतो ते बघा. तरंगतो तिथली हवा कोंडलेली आहे. फेंगशुईवाले त्याच कोपऱ्याला 'ची साचली' म्हणतात, असं मला वारंवार दिसलं आहे. उपाय दोन्हींचा एकच: हवेला आत यायला एक आणि बाहेर जायला दुसरी वाट. एकच खिडकी सताड उघडून काही होत नाही. पावसाळ्यात पश्चिमेची बंद ठेवून पूर्वेची उघडा, तीही पाऊस उघडल्यावर. झिमझिम आणि धुकं दिवसभर असेल तेव्हा खिडक्या तासन्‌तास उघड्या ठेवल्या तर बाहेरचा दमटपणाच आत येतो. त्या दिवसांत आंघोळी आणि स्वयंपाक चालू असताना आणि नंतर अर्धा तास पुरे.

गल्लीतल्या जुन्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. शहापूर, वडगाव, अनगोळला भिंतीला भिंत लागून घरं आहेत. दोन्ही अंगांना शेजारी, त्यामुळे बाजूला खिडकीच नाही. रस्त्याचं दार, सोपा (पुढची खोली), माजघर, स्वयंपाकघर, परड्याचं (मागच्या अंगणाचं) दार, सगळं एका ओळीत. फेंगशुईत हा मोठा दोष मानतात: ची पुढून शिरते आणि मागून निघून जाते, त्यामुळे पैसा टिकत नाही. मग सल्ला मिळतो, मधे पार्टिशन ठोका. असं प्लायवूड ठोकायला मी आधी नकार देतो आणि का ते सांगतो. त्या घराला श्वास घ्यायला तेवढी एकच नळी आहे. ती बुजवली की माजघरात अंधार, स्वयंपाकघरात धूर, आणि पहिल्याच पावसाळ्यात कपाटातल्या साड्यांना बुरशी.

नियम नीट ऐकला तर तो वारा अडवा असं म्हणतच नाही, संथ करा म्हणतो. त्यासाठी कमरेएवढी फळ्यांची मांडणी आडवी ठेवा, लाकडी जाळीचा पडदा उभा करा, किंवा जमिनीपासून गुडघाभर वर राहील असा कापडी पडदा लावा. दारातून परड्यापर्यंत आरपार दिसणं थांबतं आणि हवा खालून-वरून चालू राहते. घरात माग असेल तर जाळीवर धाग्याची बारीक भुकटी बसते. ती काढली नाही तर काही महिन्यांत जाळीची भिंत होते.

दार आणि उंबरा

मुख्य दार म्हणजे ची आत येण्याचं तोंड, असं फेंगशुई सांगते. दार पूर्ण उघडतं का बघा. मागच्या खुंटीवर रेनकोट, छत्री, पिशव्या, खाली चपलांचा ढीग, आणि सोप्यातच उभी केलेली मोटारसायकल, असं असलं की येणारा अंग चोरून आत येतो. पाहुणे दाराशी का टेकतात याचं उत्तर पुष्कळदा एवढंच असतं. गेल्या पाडव्याचं वाळलेलं तोरण काढा. सुकलेली फुलं-पानं घरात नकोत असं फेंगशुईवालेही म्हणतात, आपणही निर्माल्य साठवत नाही.

दार घासत असेल तर श्रावणात रंधा मारू नका आणि कुणाला मारूही देऊ नका. लाकूड पावसाळ्यात फुगतं. तेव्हा तासलेलं दार फाल्गुनात आकसतं आणि बोटभर फट पडते. आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू हलवून बघा. ते सैल झाले की दार झुकतं आणि खाली घासतं. भोक मोठं झालं असेल तर लाकडाची काडी फेव्हिकॉलमध्ये बुडवून त्यात ठोका, वाळू द्या आणि मग स्क्रू आवळा. स्क्रू घट्ट असूनही घासत असेल तर कडेला मेणबत्ती चोळून पावसाळा काढा. करकर आवाजाला शिलाई मशीनचं तेल घाला. खोबरेल घालतात, पण ते थंडीत गोठतं, धूळ धरतं आणि चिकट होऊन बसतं.

अडगळ

पलंगाखालून सुरुवात करा, माळ्यावरून नको. माळ्यापासून सुरू केलेली आवराआवर दुसऱ्या दिवशी सोप्यात पसरून राहते. पलंगाखाली ट्रंका, गाद्या, लग्नातली भांडी कोंबली की गादीच्या खालून हवा फिरत नाही, ओल धरते आणि झुरळं राहायला येतात. फेंगशुई तिथली जागा मोकळी ठेवा म्हणते ती झोपेसाठी. मला ती लाकडासाठीही हवी असते. बासमतीची पोती भिंतीला टेकवून ठेवू नका, फळीवर आणि भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. निपाणीकडे घरात तंबाखू ठेवायची वेळ आली तर झोपायच्या खोलीत नको. माळ्यावरचं मागच्या तीन-चार गणपतींचं मखर, बंद पडलेलं घड्याळ, 'दुरुस्त करू' म्हणून ठेवलेला मिक्सर, यांना एक महिन्याची मुदत द्या. घड्याळाला सेल घाला, नाहीतर भंगारात द्या.

पाणी

यातले निम्मे उपाय तांब्याभर पाण्याचे आहेत. मुलं पुण्याला किंवा बेंगळुरूला गेलेली, वरच्या मजल्यावरची न्हाणी बंद, आणि घरात अधूनमधून गटाराचा वास. जमिनीतल्या जाळीखालच्या वळणात थोडं पाणी साचलेलं असतं, तेच गटाराची हवा अडवतं. न्हाणी वापरली नाही की ते सुकतं आणि वाट मोकळी होते. आठवड्यातून एकदा तिथे तांब्याभर पाणी ओता. याला कुणी मिठाची वाटी ठेवायला सांगितली असेल तर ठेवा, पण पाणी ओता.

संडासाचं झाकण आणि दार बंद ठेवावं, गळका नळ राहू देऊ नये, हे फेंगशुईतले नेहमीचे नियम आहेत आणि त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. गळक्या नळाचा वायसर काही रुपयांत मिळतो. फ्लशची टाकी आतून गळते का हे बघायला टाकीत खायचा रंग थोडा टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला की गळती आहे.

'लकी बांबू', छोटं कारंजं, माशांची टाकी ठेवली असेल तर त्यातलं पाणी हलतं राहिलं पाहिजे किंवा आठवड्याच्या आत बदललं पाहिजे. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. फेंगशुईतल्या 'संपत्तीच्या कोपऱ्यातून' ताप आला असं व्हायला नको. आणि ते झाड बांबू नव्हेच. ड्रॅसीना आहे, मूळचं आफ्रिकेतलं.

उजेड

झरोक्याची काच आणि ट्यूब पुसा, गेलेले बल्ब बदला. झोपायच्या खोलीत पिवळसर, 2700 ते 3000 केल्व्हिनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप) दिवा लावा. पांढराफेक 6500 केल्व्हिनचा अभ्यासाला आणि ओट्यावर ठीक. दिवेलागणीला सोप्यात एक तरी दिवा असू द्या.

पलंग, आरसा, तुळई

आता अंगमेहनतीची कामं. पलंगावरून दार दिसावं, पण पाय थेट दारासमोर नसावेत आणि डोक्यामागे भक्कम भिंत असावी, हा फेंगशुईचा नियम मला पटतो. दार दिसत असलं की कुणी आलं-गेलं ते कळतं, दचकायला होत नाही. फक्त ती भक्कम भिंत पश्चिमेची असेल तर जपून. उशाची फळी त्या भिंतीला चिकटवली की पावसाळाभर ओल तुमच्या नाकाशी राहते. चार बोटं अंतर सोडा, आणि दुसरी भिंत मिळत असेल तर तीच घ्या.

पलंगासमोरचा आरसा म्हणजे आपल्याकडे लोखंडी कपाटाच्या दारावरचा. रात्री उठल्यावर त्यात हलणारी सावली दिसते आणि झोप उडते, ही तक्रार खरी आहे. कपाट हलवणं जड जात असेल तर आरशावर कापड सोडा.

तुळईखाली झोपू नये म्हणतात. माळवदाच्या किंवा माडीच्या घरात तुळया टाळून झोपायचं म्हटलं तर अंगणात जावं लागेल. पलंग दोन तुळयांच्या मधे, त्यांना समांतर लावा. एवढं करून अंथरुणावर रोज बारीक पिवळसर पीठ पडत असेल तर ते लाकूड पोखरणाऱ्या किडीचं आहे, आणि फेंगशुईवाले सांगतात तशा तुळईला बासऱ्या टांगून ती कीड जात नाही.

दिशांचा घोळ

एकाच घरात दोन जाणकार दोन वेगळे कोपरे 'संपत्तीचा' म्हणून दाखवतात, आणि दोघंही आपापल्या पद्धतीने बरोबर असतात. एक पद्धत होकायंत्राने बागुआ (कुठला कोपरा कशाचा ते दाखवणारा फेंगशुईचा नकाशा) लावते. दुसरी मुख्य दाराला धरून लावते; ती विसाव्या शतकात लिन युन या फेंगशुई गुरूंच्या परंपरेतून अमेरिकेत रुजली आणि तिथून पुस्तकं, व्हिडिओंतून आपल्यापर्यंत आली. एक निवडा. दोन्हींची भेसळ केली की सामान वर्षभर फिरतच राहतं.

त्यात चिनी नकाशात दक्षिण वर असते. छापील बागुआ आपल्या सवयीने उत्तर वर धरून लावला की सगळं उलटं बसतं. मोबाइलचं होकायंत्र लोखंडी कपाटाजवळ चुकतं, म्हणून घराच्या मधोमध, लोखंडापासून लांब उभं राहून बघा आणि नंतर सूर्य कुठे उगवतो त्याच्याशी ताडून घ्या.

सगळ्यात जास्त भांडणं आग्नेय कोपऱ्यावरून होतात. वास्तुशास्त्रात तिथे अग्नी, चूल. होकायंत्राच्या फेंगशुईत तोच संपत्तीचा कोपरा, आणि तिथे पाणी ठेवा म्हणतात. मग गॅसच्या शेगडीशेजारी कारंजं येतं. सासूबाईंची वास्तू आणि सूनबाईंची फेंगशुई तिथे समोरासमोर उभी राहते. माझं मत: जिथे गॅस आणि विजेचे बोर्ड आहेत तिथे पाणी नको, शास्त्र कुठलंही असो.

वस्तू

हसणारा बुद्ध, तीन पायांचा बेडूक, कासव, पवनघंटी. आवडत असतील तर ठेवा, पण वरचं सगळं झाल्यावर, आणि पुसायला वेळ असेल तेवढ्याच. हसणारा म्हणून विकतात तो गौतम बुद्ध नव्हे; दहाव्या शतकातला मानला जाणारा बुदाई नावाचा चिनी भिक्खू आहे. पवनघंटी पश्चिमेच्या खिडकीत लावलीत तर आषाढात रात्रभर वाजेल, आणि शेजाऱ्यांची जी ऊर्जा तुमच्याकडे येईल ती वेगळीच असेल.

ओल: इथे बहुतेक घरं अडकतात

"भिंतीला ओल हाय खरं, ती आमची जुनीच हाय," असं सांगून लोक पुढच्या खोलीत नेतात. मी तिथेच थांबतो, कारण जडपणाचं मूळ बहुधा तिथेच असतं. बुरशीने शिंका, खोकला, दमा वाढतो, झोप बिघडते, आणि घर कितीही आवरलं तरी वास तोच.

घरच्या घरी करायची परीक्षा: स्वयंपाकघरातल्या चंदेरी फॉइलचा वहीच्या पानाएवढा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर हवाबंद चिकटवा. दोन दिवसांनी काढा. खोलीकडच्या बाजूला पाणी असेल तर ते खोलीतल्या हवेचं, म्हणजे हवा खेळवायची आणि कपडे आत वाळवणं थांबवायचं. भिंतीकडच्या बाजूला असेल तर पाणी भिंतीतून येतंय.

भिंतीतलं पाणी कुठून येतं ते डागावरून ओळखता येतं. वरून खाली उतरणारा डाग छपराचा: सरकलेलं कौल, तुंबलेली पन्हळ, गच्चीची भेग. पन्हळीतला पाला काढणं स्वस्त आहे, ते आधी करा. कौलांची शाकारणी मृगाआधी करून घ्या. जमिनीपासून दोन-तीन फूट चढलेला आणि वरच्या कडेला पांढरा खार असलेला डाग खालून येतो. रस्त्यावर थरावर थर चढून घर खाली गेलेल्या गल्ल्यांत हा हमखास दिसतो. उन्हाळ्यातही न सुकणारा एकाच जागेचा डाग पाइपचा.

यावर रंग मारू नका. दसऱ्याच्या तोंडावर प्रत्येकाला रंग हवा असतो आणि भिंत तेव्हा आतून चिंब असते. पोपडे धरतात, पुढच्या वर्षी पुन्हा खर्च, आणि बोल मात्र 'या घरात काही टिकतच नाही' असा घरावर.

इथे थांबा, माणूस बोलवा

भिंतीला किंवा नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, दिवे सारखे मिणमिणत असतील, पाऊस आला की एमसीबी (बोर्डातला आपोआप बंद होणारा स्विच) पडत असेल, तर मेन बंद करा आणि परवाना असलेला इलेक्ट्रिशियन बोलवा. खांबापासून मीटरपर्यंतचं काम हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, तिथे कुणीही खासगी माणूस चढू नये. बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का हेही त्याच फेरीत विचारा.

चौकट टिचकी मारल्यावर पोकळ वाजत असेल, मातीच्या नळ्या चढल्या असतील, तर ती वाळवी. वरून रॉकेल ओतून ती मरत नाही, दुसरीकडून निघते. कीटकनियंत्रणवाला आधी, सुतार नंतर.

तुळई वाकली असेल, भिंतीतली भेग तिरकी असेल आणि वाढत असेल, किंवा कुणी दिशेसाठी भिंत पाडायला, जिना हलवायला, तुळई कापायला सांगितलं असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी संमती घेतल्याशिवाय एक वीटही हलवू नका. मी अशा कामाला हात लावत नाही, आणि जो गवंडी लगेच 'होय, करू की' म्हणतो त्यालाही लावू देऊ नका.

घर आवरलं, हवा आली, ओल गेली, तरी दोन आठवड्यांहून जास्त एखाद्याला झोप नाही, जेवण नाही, कशातच रस नाही, असं असेल तर ते घराचं दुखणं नाही. डॉक्टरकडे न्या. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे. करणी-भानामती काढून देतो म्हणून पैसे मागणारा दारात आला तर परत पाठवा. अशा प्रकारांविरुद्ध कर्नाटकात 2017 चा आणि महाराष्ट्रात 2013 चा कायदा आहे.

कारागीर बोलावताना क्रम चुकवू नका: आधी छप्पर आणि प्लंबर, मग गवंडी, मग इलेक्ट्रिशियन, मग सुतार, रंगारी सगळ्यात शेवटी. गिलावा नवा केला असेल तर तो पुरता वाळू द्या, फॉइलची परीक्षा पुन्हा करा, आणि ती कोरडी निघाली की फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये रंग द्या.